आठवीला असताना

शिवकन्या काय काम करते असं कुणी विचारलं की तिची आई आशाबाई सांगायची, "कम्प्युटरवर पुण्याचं काम करती." त्याच्या पुढं आईला ठाऊक नव्हतं, आणि शिवकन्येनंही कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला जावं तर ऐकणाऱ्याला हसू यायचं. ती सर्व्हरला छळायची. हिंगोलीत बापानं बांधलेल्या घराच्या माडीवर बसून, रोज, पगार घेऊन. लोक वेबसाइट उघडतात, अर्ज भरतात, बटन दाबतात. बटन दाबलं की तिकडं सर्व्हरकडं एक विनंती जाते, आणि त्या विनंतीच्या माथ्यावर एक चिठ्ठी चिकटलेली असते. कोण आलंय, कुठून आलंय, मागच्या खेपेला काय लिहून ठेवलं होतं. त्या चिठ्ठीला म्हणायचं हेडर. ही चिठ्ठी नको तेवढी लांब झाली तर सर्व्हर कोसळतो, का शहाण्यासारखं 'नाही' म्हणून मोकळा होतो, एवढं बघायचं. त्यासाठी ती चिठ्ठीत इंग्रजी 'ए' भरायची. शंभर, हजार, आठ हजार. पडदाभर ए ए ए ए. बोबडी वळलेल्या माणसाच्या तोंडून निघावा तसा तो मजकूर. सुरुवातीला मजा वाटायची, मग कंटाळा यायला लागला, आणि या दोन वर्षांत कधी कोण जाणे, त्या ए ए ए कडं बघितलं की तिला मळमळायला लागलं होतं. साधी मळमळ. पोटातली.

आज दुपारी तर सगळंच किळसवाणं झालं होतं. जुलैचा शेवट, हवा जागची हलत नव्हती, आणि माश्यांनी उच्छाद मांडला होता. आईनं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती आणि तिच्यात एक माशी पाय रोवून बसली होती. मेलेली का जिवंत, बघायचीही शिवकन्येला इच्छा झाली नाही. खाली ओसरीवर तिचे वडील व्यंकटराव भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. दर दोन मिनिटांनी घसा खाकरायचे, तो आवाज माडीपर्यंत यायचा. पाच वाजेपर्यंत चाचणीचा अहवाल द्यायचा होता. मुलींच्या वसतिगृहांचे अर्ज घेणारी एका खासगी संस्थेची वेबसाइट. अर्जाची मुदत आजच संध्याकाळी सहाला संपत होती, आणि मुदतीआधी सर्व्हर ठीक चालला होता एवढं लिहून संस्थेला हवं होतं. सोबत खऱ्या सर्व्हरच्या नोंदी पाठवलेल्या होत्या. त्या ती वरवर चाळत होती, आणि तिथंच तिचं बोट अडखळलं. एकाच ठिकाणाहून आलेली एकच विनंती. तीन दिवसांत एक्केचाळीस वेळा आलेली आणि एक्केचाळीस वेळा परत पाठवलेली. कारण एकच: हेडर फार लांब.

एक्केचाळीस वेळा कोण मूर्ख दार वाजवतो, असं तिच्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं, आणि पुढं कितीतरी वेळ तिला ते आठवत राहिलं. सर्व्हरनं जेवढं वाचलं होतं तेवढं नोंदीत टाकलं होतं, पुढचं फेकून दिलं होतं. नोंदीत नुसतीच टक्क्यांची चिन्हं आणि आकडे होते, कारण हेडरमध्ये मराठी अक्षर सरळ जात नाही. एकेका अक्षराचे, एकेका काना-मात्रेचे नऊ-नऊ तुकडे होऊन जातात. तिनं ते तुकडे उचलले आणि पुन्हा अक्षरांत बदलून घेतले. वाचायला नको होतं. लोकांचं काही वाचायचं नाही, हा नियम तिनं सही करून मान्य केला होता. पण अक्षरं उमटली ती उमटलीच.

"मा. साहेबांच्या सेवेशी. अर्जदार जमनाबाई हरिचंद, राहणार पुसेगावच्या अलीकडचा तांडा, तालुका सेनगाव, सविनय अर्ज करते की, माझी मुलगी पुजा ही बारावी पास झाली असून तिला वसतिगृहात जागा मिळावी. ती हुशार आहे. मी आई म्हणून सांगत नाही, तिचे सर सांगतात. तांड्यावरून कॉलेजला जायला एक जीप आहे, ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली तर लेकीला कुठं बसवतात ते साहेबांना काय सांगावे. आम्ही पूर्वीपासून बैलांवर माल वाहणारे लोक, आमच्यात इतकी शिकलेली हीच पहिली. तिला फार शिकायचे आहे. साहेब, आता खरी गोष्ट लिहिते, जी आजवर कुठे सांगितली नाही. ती वाचून मगच पुजाला खोली द्यावी. पुजा आठवीला असताना"

आणि मग काही नाही. पुढचं अक्षर मधोमध तुटलेलं होतं, त्याच्या जागी काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह आलं होतं.

शिवकन्या ते प्रश्नचिन्ह बघत बसली. आठवीला असताना काय? हे लिहिलं कुठं असेल ते तिला कळलं होतं. अर्जाच्या शेवटी एक रकाना होता, 'आणखी काही सांगायचे असल्यास'. कुणीतरी पुण्यात बसून सौजन्य म्हणून ठेवलेला. तिथं लिहिलेलं लाइट गेली तरी जाऊ नये, म्हणून ते त्या चिठ्ठीत, हेडरमध्येच साठवून ठेवायची सोय केलेली, तेही सौजन्यच. आणि चिठ्ठीची हद्द आठ हजार एकशे ब्याण्णव. इंग्रजीत लिहिणाऱ्याला आठ हजार अक्षरं मिळतात, तो रामायण लिहील. मराठीत लिहिणाऱ्याला नऊशे. त्यातली दोन-चारशे नावगाव-पत्त्यात जातात. हद्द ओलांडली की अर्ज तर जात नाहीच, वर ती लांब चिठ्ठी त्या कम्प्युटरला चिकटून राहते आणि पुन्हा दार उघडूच देत नाही. पांढरं पान. वर इंग्रजीत एक ओळ. आणि दोन वर्षांपूर्वी हा रकाना कुणी तपासला होता? शिवकन्येनंच. काय लिहिलं होतं तिनं त्यात? 'ओके'. इंग्रजीत, दोन अक्षरं. बाकी ए ए ए. तिच्या डोक्यातही आलं नाही की 'काही सांगायचे असल्यास' म्हटल्यावर इकडचं माणूस खरोखरच सांगायला बसतं, मा. साहेबांपासून सुरू करतं, सविनय म्हणतं, गाव, तांडा, जात, सगळं सांगतं आणि मगच मूळ गोष्टीवर येतं. ती स्वतः इथली. तिला ठाऊक नसावं? शी!

तिनं विजयकुमार सरांना फोन लावला. पुण्यात तिचे वरिष्ठ तेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधेच कुणाला तरी कॉफी सांगितली, मग म्हणाले, "म्हणजे सर्व्हर पडला नाही ना?"

"पडला नाही सर. पण त्या बाईंचा अर्ज..."

"अगं, मग झालं की! मोठं हेडर आलं, सर्व्हरनं नाकारलं. तूच लिहिलंयस ना अपेक्षित निकालात, 'विनंती नाकारावी'? मग ही तर पास झाली चाचणी. आणि हे बघ, एवढं पाल्हाळ कोण लिहितं अर्जात?" ते हसले. "लोकांचं वाचत नको बसू. पाचला अहवाल दे. पास."

पास. जमनाबाईला एक्केचाळीस वेळा दारातून हाकललं, म्हणून सर्व्हर पास. आणि ते वाक्य तिचंच होतं, त्याखाली नाव तिचं होतं. विजयकुमार सरांचा रागही तिला धड येईना. त्यांच्या हसण्यातला ओलसर आवाज मात्र कानाला चिकटून बसला आणि पदरानं कान पुसावा तसा तिनं ओढणीनं पुसला. खाली बाप खाकरला. शेंग फुटल्याचा आवाज आला. आणि तिच्या जिभेवर, काही खाल्लेलं नसताना, तेलाची चव आली. जुन्या, दोनदा तळलेल्या तेलाची.

ती आठ वर्षांची होती. बापाची तेव्हा बदली झालेली, शिरड शहापूर सोडून लांब कुठं तरी, आणि शाळा सुटली की ती त्यांच्या कचेरीत जाऊन बसायची. कपाटाच्या आणि भिंतीच्या मधे एक स्टूल होतं, ते तिचं. एके दिवशी एक म्हातारी आली. तिचं नाव द्वारकाबाई होतं, हे अजून लक्षात आहे, कारण बापानं ते मोठ्यानं विचारलं होतं, बहिऱ्याला विचारावं तसं. तिच्या हातात चार पानं होती, जांभळ्या शाईनं दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेली. बापानं ती वाचली नाहीत. तळहातावर घेतली, दोनदा वरखाली केली, वजन बघितलं. "लई जड हाय, मावशे. अर्ज म्हंजी अर्ज पायजे, पुराण नको. एका पानात आण." म्हातारी म्हणाली, "एका पानात बसत न्हाई बाबा ते." बाप हसला. तो वाईट माणूस नव्हता. कुणाला शिवी दिली नाही त्यानं, कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, सगळा गाव म्हणायचा व्यंकटराव म्हणजे सज्जन माणूस. तो म्हणाला, "बरं, ठिव. बघतो आमी." म्हातारी पाया पडून गेली. थोड्या वेळानं शिपायानं भजी आणली. बापानं त्या चारातलं वरचं पान ओढलं, त्यावर चार भजी ठेवली आणि स्टुलावर पोरीच्या हातात दिली. तेल पसरलं तशी मागच्या बाजूची अक्षरंही दिसायला लागली, पुढची आणि मागची एकात एक. 'माझ्या सुनेस' एवढं तिला लागलं. भज्याच्या बुडाला जांभळी ओळ उलटी उमटली होती. ती तिनं खाल्ली. बोटं चाटली. भूक लागली होती आणि भजी गरम होती, आणि ती आठ वर्षांची होती, हे सगळं खरं. पण सुनेचं पुढं काय झालं, हे तिनं बापाला कधीच विचारलं नाही, आणि ते पान गोळा करून तिनंच खिडकीबाहेर टाकलं होतं. एवढ्या वर्षांत कितीदा तरी ही चव आली, लग्नाच्या पंगतीत आली, पुण्याच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी आली, आणि दरवेळी तिनं ती बापाच्या नावावर टाकली. किळस यायची ती बापाची. त्याच्या नखांची, खाकरण्याची, त्या सज्जन हसण्याची. आज पहिल्यांदा तिला स्वतःच्या बोटांकडं बघवेना. बापानं निदान हातावर घेऊन वजन तरी केलं होतं. हिनं यंत्राला शिकवून ठेवलं होतं.

चार वाजायला आले होते. नोंदीत अर्जदाराचा फोन नंबर होता, तो तिनं फिरवला. पलीकडं बाई नव्हती, पुरुषाचा आवाज होता.

"हां, दिपक ऑनलाइन, सेनगाव. बोला."

तिनं नाव सांगितलं, हिंगोलीहून बोलते सांगितलं, त्या हॉस्टेलच्या वेबसाइटचं काम बघते म्हणाली.

"अवो ताई, देवासारख्या भेटल्या बघा! तीन दिवस झालं, ती एकच साइट उघडून न्हाई राहिली. पांढरं पान येऊन राहिलं नुस्तं. म्या त्यास्नी म्हणलो, तुमचे कागद कमी असतीन. दोनदा झेरॉक्स आणले बिचाऱ्यांनी. आजबी सकाळधरनं इथंच बसून हाईत मायलेकी."

"कागद बराबर हाईत," शिवकन्या म्हणाली. दोष आमचा आहे, हे पुढचं वाक्य तिनं मनात जुळवलं होतं. ते तोंडाबाहेर आलं नाही. तिनं विचारलं, "शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय, तुम्ही बघितलं का?"

"न्हाई बा. मला उठवलं खुर्चीवरून. पोरगी म्हणली, दादा, एवढं आमचं आमी लिवतो. म्या गेलो च्या प्यायला. एका बोटानं लिवत बसली, दीड घंटा."

"मग आता ऐका. कम्प्युटरवर त्या साइटचं जुनं साठलेलं सगळं पुसून टाका. अर्ज पहिल्यापासून भरा. आणि शेवटचा रकाना कोरा ठेवा."

पलीकडं कुजबुज झाली. दिपकनं फोन स्पीकरवर ठेवला असावा, कारण बाईचा आवाज लांबून, पंख्याच्या घरघरीतून आला. "कोरा ठिवू? मंग त्यास्नी कळंल कसं?"

"मावशी, आधी अर्ज जाऊ द्या. सहाला बंद होणार आहे."

"त्ये लिवल्याबिगर लेकराला धाडू कशी म्या?"

"थोडक्यात लिहिता येईल का? दोन ओळीत?"

आता दुसरा आवाज आला, कोवळा पण कोरडा. पुजाचा. "थोडक्यात न्हाई होत ते, ताई."

इथं शिवकन्येनं सांगायला हवं होतं. मला 'आठवीला असताना' इथपर्यंतच वाचता आलं, पुढचं तुटलंय, फोन हातात घे, बाहेर उन्हात जा आणि मला एकटीला सांग, असं. पण घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती, स्पीकरवर दिपक ऐकत होता, रांगेत आणखी कोण उभं असेल कुणास ठाऊक, आणि खरं सांगायचं तर तिला ते ऐकायचं नव्हतं. आठवीतल्या पोरीचं जे काही असेल ते तिच्या या माडीवर, या सायीच्या चहाशेजारी यायला नको होतं. "तुमी अर्ज भरा," ती म्हणाली. "त्येचं बघतो आमी."

बोलून झाल्यावर तिनं स्वतःचा आवाज ऐकला. खाली ओसरीवरच कुणी बोलल्यासारखा.

पंचवीस मिनिटांनी दिपकचा फोन आला. अर्ज गेला होता. नंबर मिळाला होता, यादी उद्या लागणार होती, आणि बारावीचे गुण बघता पुजाचं नाव वर असणार, यात शंका नव्हती. शिवकन्येला एक क्षण इतकं हलकं वाटलं की तिनं ती माशी बोटानं काढून चहा एका घोटात पिऊन टाकला. मग जमनाबाईनं फोन मागून घेतला. आता तिचा आवाज जवळून आला, दिपकनं स्पीकर बंद करून दिला असावा.

"बाई, आमी आदी लिवलेलं तुमच्याकडं आलं व्हतं का वो?"

"आलं होतं."

"वाचलं का कुणी?"

"मी वाचलं."

"सगळं?"

माडीच्या पायरीवर आईची पावलं वाजली आणि परत खाली गेली. शिवकन्येला वाटलं, एवढ्या उन्हातान्हात तीन दिवस हेलपाटे घातलेल्या बाईला आता 'अर्धं' म्हणून सांगायचं? आनंदात विरजण घालायचं? "सगळं," ती म्हणाली.

जमनाबाई रडायला लागली. आवाज न करता, पण कळत होतं. "बरं झालं बाई. लई बरं झालं. तोंडानं न्हाई सांगवत मला ते. पोरगी लिवत व्हती तवा म्या भिंतीकडं तोंड करून बसले व्हते. आता तुमाला समदं ठावं हाय, तर तिथल्या म्याडमला येवढं सांगा. पोरीला एकटीला खोलीत ठिवू नका म्हणावं. अन् त्यो मानूस भेटायला आला, नात्यातला हाय म्हणला, तरी दारात घेऊ नका. त्येचं नाव तर लिवलंयच त्यात. आमाला पुन्यांदा बोलाय लावू नका तेवढं."

"हो," शिवकन्या म्हणाली. दुसरं काय म्हणणार! "हो मावशी. बघतो आमी."

फोन ठेवला तेव्हा पाचला दहा कमी होते. विजयकुमार सरांचा निरोप पडद्यावर आला होता: पास ना? तिनं ते बघितलं आणि मोरीकडं धावली. सगळा चहा बाहेर आला, सायीसकट. चूळ भरली, पुन्हा भरली, तिसऱ्यांदा भरली. तेलाची चव हलेना. त्यो मानूस. नात्यातला. त्येचं नाव लिवलंय. कुठं लिवलंय? नऊशे अक्षरांच्या पुढं, हद्दीच्या पलीकडं, जिथलं सर्व्हर वाचत नाही आणि फेकून देतो. खालून बापानं हाक मारली, "काय झालं गं शिवा?" तिनं आरशात बघितलं नाही. ओल्या हातानं तिनं पुन्हा फोन लावला. आता सगळं खरं सांगायचं होतं. मी खोटं बोलले, मी वाचलेलं नाही, नाव काय त्याचं, एकदा सांगा.

"ताई, गेल्या की त्या," दिपक म्हणाला. "पुसेगावकडची जीप लागली व्हती, बसल्या."

"त्यांचा नंबर द्या."

"त्यांच्याकडं कुठं फोन हाय? अशांच्या फॉर्मवर म्या माझाच नंबर टाकतो."

"त्यांनी लिहिलेलं... कागदावर काही? वहीत?"

"न्हाई बा. डायरेक कम्प्युटरवरच लिवलं पोरीनं. अन् त्ये तर तुमीच पुसाय लावलं." त्याचा आवाज खुलला. "पर ताई, लई पुण्याचं काम केलं बघा तुमी. ती पोरगी तीन दिसांत एकडाव हासली न्हवती. जीपमधी बसता बसता आईचा हात धरून तिला म्हणून राहिली व्हती, याडी, त्या ताईनं सगळं वाचलंय, आता पुन्हा कुणाला सांगावं लागायचं न्हाई."